डास, विषाणू आणि मेंदूची वेस

डासाची आणि आपली ओळख फार जुनी. कानाशी गुणगुणणारा, झोपमोड करणारा एक क्षुद्र जीव एवढीच त्याची प्रतिमा पुष्कळांच्या मनात असते. हिवताप आणि डेंग्यू यांच्यामुळे त्या प्रतिमेला थोडे गांभीर्य आले, हे खरे. तरीही डासाचे नाव मेंदूशी जोडले जाईल, अशी कल्पना सहसा कोणी करीत नाही. डास चावतो तो पोटरीला, दंडाला, फार तर कानाच्या पाळीला. मेंदू तर कवटीच्या भक्कम पेटीत, तीन आवरणांच्या आत, स्वच्छ द्रवाच्या वेढ्यात जपून ठेवलेला. असे असता शेताच्या बांधावर खेळणाऱ्या एखाद्या मुलाला संध्याकाळी डास चावतो, आणि आठ-दहा दिवसांनी ते मूल तापाने फणफणते, त्याला आचके येतात व ते स्वतःच्या आईलाही ओळखेनासे होते. कातडीपासून मेंदूपर्यंतचा हा प्रवास घडतो तरी कसा? आजच्या भाषणात या एका प्रश्नाचा माग काढावयाचा आहे.

डासांमार्फत पसरणारे आणि मेंदूला बाधणारे विषाणू अनेक आहेत. आफ्रिकेतील युगांडा देशाच्या वेस्ट नाईल जिल्ह्यात १९३७ साली एका तापकरी स्त्रीच्या रक्तात सापडलेला विषाणू पुढे १९९९ साली थेट न्यूयॉर्क शहरात प्रकट झाला, आणि माणसांबरोबर तिथले कावळेही पटापट मरून पडू लागले. परंतु आपल्या देशापुरते बोलावयाचे, तर या कुळातील सर्वांत घातक विषाणू जपानी मेंदूज्वराचा होय. म्हणून त्याचेच उदाहरण आपण हाती घेऊ.

या रोगाच्या नावात जपान आहे, याचे कारण त्याची शास्त्रीय ओळख प्रथम त्या देशात पटली. तेथे उन्हाळ्याच्या अखेरीस मेंदूज्वराच्या साथी येत. १९२४ सालच्या साथीत ६,००० हून अधिक माणसे आजारी पडली. १९३५ साली टोकियोमध्ये या रोगाने दगावलेल्या रुग्णाच्या मेंदूतून विषाणू वेगळा काढण्यात आला, आणि हा रोग डासांमार्फत पसरतो, हेही त्याच दशकात जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. विषाणूचा आकार इतका सूक्ष्म की एका मिलिमीटरच्या लांबीत असे सुमारे २०,००० विषाणू एका रांगेत मावतील. त्याच्यापाशी स्वतःचे म्हणावे असे भांडवल म्हणजे सुमारे ११,००० अक्षरांची एक आनुवंशिक चिठ्ठी आणि तिच्याभोवतीचे वेष्टन. त्या चिठ्ठीत अवघ्या दहा प्रथिनांचा आराखडा लिहिलेला असतो. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर हा जीव सजीवसृष्टीतील सर्वांत गुंतागुंतीच्या अवयवाला जेरीस आणतो, हे नवल खरेच.

हा विषाणू मुळात माणसाचा नाही. त्याचे खरे घर पाणथळीत आहे. भाताची खाचरे पाण्याने भरली की त्या उथळ, उन्हाने कोमट झालेल्या पाण्यात क्युलेक्स जातीचे काही डास अंडी घालतात. त्याच पाण्यात बगळे, ढोकरी आणि तत्सम पक्षी बेडूक-मासे टिपण्यासाठी उतरतात. डासाची मादी अशा पक्ष्याचे रक्त पिते, विषाणू तिच्या पोटात जातो, तिथून काही दिवसांत तिच्या लाळेत उतरतो, आणि मग ती ज्याला चावेल त्याच्या अंगात शिरतो. पक्षी सहसा आजारी पडत नाहीत, डासही मरत नाही. चिखलपाण्यातला हा संसार आपल्यापुरता सुखाने चाललेला असतो.

या संसारात डुकराची भर पडली की चित्र पालटते. डुकराच्या रक्तात हा विषाणू झपाट्याने वाढतो आणि काही दिवस इतक्या मोठ्या प्रमाणात राहतो की त्याला चावणारा डास सहज दूषित होतो. शिवाय डुकरांची वीण मोठी. एकदा बाधा होऊन गेलेले जनावर पुन्हा सहसा बाधत नाही, परंतु दर पावसाळ्यात पिलांचे नवे लेंढार तयार असतेच. गाई-म्हशींनाही हे डास आवडीने चावतात, पण त्यांच्या रक्तात विषाणू फारसा वाढत नाही. माणसाचेही तसेच. माणसाच्या रक्तात विषाणूचे प्रमाण इतके थोडे आणि इतका अल्पकाळ असते की त्याला चावून दुसरा डास दूषित होत नाही. शास्त्रज्ञांच्या दृष्टीने माणूस हा या विषाणूच्या वाटेवरचा बंद बोळ आहे. माणसाच्या अंगात शिरून विषाणूला काहीच लाभत नाही. तो तेथे केवळ वाट चुकून आलेला असतो. अशा चुकलेल्या वाटसरूने आपल्या घरात एवढा अनर्थ करावा, हा या रोगातील दैवदुर्विलास होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. डासाची सोंड कातडीत शिरली म्हणजे रक्त गोठू नये म्हणून ती आपली लाळ तिथे सोडते. त्या लाळेतून विषाणू उतरतात. कातडीतील काही पेशी या परक्या कणांना गिळतात व जवळच्या लसीकाग्रंथीकडे घेऊन जातात. हेतू असा की शत्रूची वर्दी ठाण्यावर पोचावी. परंतु वर्दी देणाऱ्या या जासूदांच्या पोटातच विषाणू वाढू लागतो, आणि ग्रंथीत पोचल्यावर तेथून रक्तात उतरतो. येथे पहिली लढाई जुंपते. बहुसंख्य माणसांत ती शरीरच जिंकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार या विषाणूची बाधा झालेल्या सुमारे २५० जणांपैकी एकालाच गंभीर आजार होतो. बाकीच्यांना थोडी कणकण येते किंवा तीही येत नाही, आणि आपल्या अंगात काय येऊन गेले याचा त्यांना पत्ताही लागत नाही. भातशेतीच्या मुलखातील प्रौढ माणसांना हा रोग क्वचित होतो, त्याचे इंगित हेच. बालपणी केव्हातरी त्यांनी ही लढाई जिंकलेली असते. ज्या मुलाची अशी पहिली भेट व्हावयाची आहे, त्याला धोका अधिक.

ज्या थोड्यांत विषाणू रक्तात टिकून राहतो, त्यांच्यात तो मेंदूच्या वेशीपाशी येऊन ठेपतो. ही वेस म्हणजे काय, ते समजून घेण्यासारखे आहे. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एरलिख याने १८८५ च्या सुमारास जनावरांच्या रक्तात रंग टोचून पाहिले. सारे अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. मेंदूला हा रंग मानवत नसावा, असे त्याला वाटले. पुढे १९१३ साली त्याचाच सहकारी एडविन गोल्डमान याने उलट प्रयोग केला. त्याने रंग रक्तात न टोचता मेंदूभोवतीच्या द्रवात टोचला. आता मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. मेंदूला रंगाचे वावडे नव्हते, तर रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये काहीतरी अटकाव होता, हे त्यावरून उघड झाले. हा अटकाव नेमका कोठे आहे, ते १९६७ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविले. मेंदूतील केशवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट सांधलेल्या असतात की त्यांच्यामधून साधे रेणूदेखील सुखासुखी निसटू शकत नाहीत. मेंदूतील या केशवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर त्यांची लांबी शेकडो किलोमीटर भरेल. इतक्या लांबीचा हा तट रात्रंदिवस अभंग असतो. प्राणवायू आणि साखर यांना परवाना आहे. बाकीच्यांची कसून झडती होते.

मग विषाणू आत जातो कसा? आपल्याकडील गडकोटांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांना गड घेण्याच्या तऱ्हा ठाऊक आहेत. कोणी चोरवाटेने शिरे, कोणी पहारेकऱ्याला फितवी, कोणी मित्राच्या वेषात येई, आणि कधी आतूनच दरवाजा उघडला जाई. विषाणूंच्या बाबतीत संशोधकांना अशाच निरनिराळ्या वाटा आढळल्या आहेत. यांतील पुष्कळसा पुरावा उंदीर आणि इतर प्राणी यांवरील प्रयोगांतून मिळालेला आहे, एवढे ध्यानात ठेवून त्या पाहू.

पहिली वाट तटाच्या दगडांतूनच जाते. केशवाहिनीच्या अस्तरातील पेशी रक्तातील काही पदार्थ आपल्या पोटात घेऊन दुसऱ्या बाजूला सोडतात. हा त्यांचा रोजचा व्यवहार. जपानी मेंदूज्वराचा विषाणू या मालवाहतुकीत मिसळून पलीकडे उतरतो, असे उंदरांच्या मेंदूचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली निरीक्षण केल्यावर दिसून आले. सांधे शाबूत, पेशी शाबूत, आणि तरी शत्रू आत. दुसरी वाट वेषांतराची. शरीराच्या श्वेतपेशींना प्रसंगी मेंदूत प्रवेश असतो, कारण त्या आपल्याच सैन्यातील. अशा श्वेतपेशीच्या पोटात दडून विषाणू वेस ओलांडू शकतो. तिसरी वाट मज्जातंतूंची. वेस्ट नाईल विषाणू मज्जातंतूच्या आतून उलट दिशेने सरकत पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत पोचू शकतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. वासाचे ज्ञान देणारे मज्जातंतू तर नाकाच्या वरच्या भागातून सरळ मेंदूत जातात. त्या वाटेचाही काही विषाणूंच्या बाबतीत विचार झालेला आहे.

चौथी गोष्ट सर्वांत चटका लावणारी आहे. पूर्वी अशी समजूत होती की प्रथम तट ढासळतो आणि मग विषाणू आत घुसतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील संशोधनात क्रम उलट दिसला. विषाणू गुपचूप आत जातो, मेंदूच्या पेशींत वाढतो, आणि मग त्या पेशी मदतीसाठी जी रासायनिक हाक देतात, तिच्या कल्लोळात तटाचे सांधे सैल होतात. शत्रूने तट फोडला नव्हता. शत्रू आत आहे हे कळल्यावर आपल्याच लोकांच्या धावपळीत दरवाजे उघडले गेले. त्या उघड्या दरवाजांतून श्वेतपेशी, द्रव आणि दाह निर्माण करणारे पदार्थ आत लोटतात, आणि मेंदूला सूज चढते.

शरीराच्या इतर भागांत सूज आली तर जागा असते. पाय सुजला तर कातडी ताणते. कवटी मात्र ताणत नाही. बंद पेटीत सूज वाढली की दाब वाढतो, मेंदूला रक्त कमी पोचते, आणि श्वासाचे नियमन करणारी केंद्रे दडपली जातात. त्यातच विषाणू स्वतः मेंदूतील पेशी मारीत असतो. त्याला मेंदूचा सर्वच भाग सारखा प्रिय नाही. मेंदूच्या खोल गाभ्यातील थॅलॅमस, हालचालींचे नियंत्रण करणारी जवळपासची केंद्रे आणि मेंदूचा बुंधा यांवर त्याचा विशेष रोख असतो. म्हणूनच या रोगातून उठलेल्या काही मुलांचा चेहरा मुखवट्यासारखा स्थिर होतो, हातपाय ताठतात, कंप सुटतो. म्हाताऱ्या माणसांत दिसणाऱ्या कंपवाताची लक्षणे सहा वर्षांच्या मुलात पाहावी लागणे, यासारखे दुःख थोडे.

कातडीवरची जखम भरते, यकृताचा तुकडा कापला तरी ते पुन्हा वाढते. मेंदूच्या मृत पेशींची भरपाई मात्र जवळजवळ होत नाही. मेंदूज्वराची लक्षणे प्रकट झालेल्यांपैकी १०० पैकी सुमारे ३० पर्यंत रुग्ण दगावू शकतात, आणि वाचलेल्यांपैकी १०० पैकी २० ते ३० जणांना बुद्धीचे, वर्तनाचे किंवा हालचालींचे कायमचे वैगुण्य उरते. मृत्यूची नोंद रजिस्टरात होते. बरे होऊन घरी गेलेले, पण शाळेत पुन्हा न गेलेले मूल कोणत्या रकान्यात लिहावयाचे? त्याची आई मजुरी सोडून त्याच्यापाशी बसते, ती वर्षे कोणी मोजावयाची?

औषध नाही का, असा प्रश्न साहजिक आहे. या विषाणूला मारणारे सिद्ध औषध आजवर हाती आलेले नाही. प्रयत्न पुष्कळ झाले. दाह कमी करणारे स्टेरॉइड औषध थायलंडमध्ये देऊन पाहिले, त्याचा निष्कर्ष १९९२ साली आला. इंटरफेरॉन हे विषाणुरोधक द्रव्य व्हिएतनाममधील मुलांना देऊन पाहिले, त्याचा निष्कर्ष २००३ साली आला. उत्तर प्रदेशातील मुलांना रिबाव्हिरिन देऊन पाहिले, त्याचा निष्कर्ष २००९ साली आला. तिन्ही वेळा पदरी निराशा पडली. यामागची एक अडचण आपल्या विषयाशी निगडित आहे. मूल रुग्णालयात येते तेव्हा विषाणूने आपले काम बरेचसे उरकलेले असते. आणि ज्या तटाने विषाणूला अडवावयास हवे होते, तोच तट पुष्कळ औषधांना मात्र कसोशीने अडवितो.

याचा अर्थ उपचार व्यर्थ आहेत असा मुळीच नाही. आचके आवरणे, श्वासाचा मार्ग मोकळा ठेवणे, मेंदूवरील दाब उतरविणे, रक्तातील साखर आणि पाणी यांचा तोल सांभाळणे, या साध्या वाटणाऱ्या गोष्टींनी प्राण वाचतात. पण त्या वेळेवर व्हाव्या लागतात. तापाबरोबर मूल सारखे ओकू लागले, असंबद्ध बोलू लागले, गुंगीत गेले किंवा त्याला आचके आले, तर तासांचाही उशीर नको. आचके येत असता मुलाला कुशीवर वळवावे. तोंडात चमचा, पाणी किंवा औषध घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगविण्याची आपल्याकडील जुनी रीत निरुपयोगी आहे, आणि देवऋष्याच्या दारात घालविलेली रात्र कधी कधी परत मिळत नाही.

आता या रोगाची आपल्या देशातील हकीकत थोडक्यात पाहू, कारण मेंदूची वेस कोठे राखावयाची याचे उत्तर तीत आहे. १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. तेच आजचे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थान. हा विषाणू आपल्या देशात वावरत असल्याच्या खुणा लोकांच्या रक्ततपासणीत पन्नाशीच्या दशकाच्या आरंभीच आढळल्या, आणि १९५५ साली तमिळनाडूतील वेल्लोरच्या परिसरात पहिले रुग्ण ओळखले गेले. १९७३ साली पश्चिम बंगालमधील बांकुरा व वर्धमान जिल्ह्यांत मोठी साथ आली. १९७८ साली ती पूर्व उत्तर प्रदेशातील गोरखपूरकडे पोचली. त्यानंतर तेथे पावसाळा आला की रुग्णालयांतील लहान मुलांच्या खाटा भरू लागत, आणि एका खाटेवर दोन-दोन मुले निजवावी लागत. २००५ साली तर कहर झाला. पूर्व उत्तर प्रदेशातील सात जिल्ह्यांत ५,७३७ जणांना मेंदूज्वराने गाठले आणि त्यांपैकी १,३४४ दगावले. त्यांत बहुसंख्य मुले होती.

लस अस्तित्वात नव्हती म्हणून हे घडले काय? तसे म्हणता येत नाही. उंदराच्या मेंदूत विषाणू वाढवून, तो मारून बनविलेली लस अनेक वर्षांपासून उपलब्ध होती. पण ती महाग, तिच्या मात्रा तीन, आणि पुरवठा अल्प. दुसरीकडे चीनमधील संशोधकांनी १९५४ साली डासांत सापडलेला एक विषाणू हॅमस्टर या प्राण्याच्या मूत्रपिंडाच्या पेशींत पुन्हा पुन्हा वाढवून निर्बळ केला होता. त्याच्या वेष्टनातील प्रथिनात मोजके बदल झाले आणि तो मेंदूला इजा करण्याची शक्ती गमावून बसला. शरीराला मात्र त्याची ओळख पटे. ही स्वस्त आणि गुणकारी लस चीनमध्ये १९८८ साली वापरात आली. आपल्या देशातील मुलांच्या दंडापर्यंत ती पोचली २००६ साली, म्हणजे २००५ च्या संहारानंतर. त्या वर्षी आसाम, कर्नाटक, उत्तर प्रदेश व पश्चिम बंगाल या राज्यांतील ११ जिल्ह्यांत १ ते १५ वर्षे वयाच्या ९० लाखांहून अधिक मुलांना ती टोचण्यात आली. पुढे २०१३ साली पुण्याच्या संस्थानाने कर्नाटकातील कोलार येथील रुग्णापासून मिळविलेल्या विषाणूवरून तयार झालेली भारतीय लसही आली. विषाणूला कातडीपासून मेंदूपर्यंत पोचावयास थोडे दिवस पुरतात. लसीला एका देशातून शेजारच्या देशात यावयास १८ वर्षे लागली. मेंदूचा तट अभेद्य आहे की नाही, याहून हा हिशेब अधिक विचार करावयास लावणारा आहे.

लसीमागील तत्त्व आता आपल्या ध्यानात येईल. विषाणू एकदा वेशीच्या आत गेला की वैद्यकाचे हात तोकडे पडतात. तेव्हा त्याला गाठावयाचे ते रक्तात, लसीकाग्रंथीत, कातडीपाशी. लस टोचलेल्या मुलाच्या रक्तात प्रतिद्रव्ये आधीच तयार असतात. डासाने सोडलेला विषाणू रक्तात उतरताच ती त्याला पकडतात, आणि मेंदूच्या दारापर्यंत जाण्याची पाळीच त्याच्यावर येत नाही. रोगप्रवण जिल्ह्यांत ही लस मुलांना दोनदा दिली जाते. पहिली मात्रा ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, तळ्यांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या मुलखात, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली या बाजूला, या रोगाचा वावर आहे. तिकडील आयाबायांनी ही दुसरी मात्रा कामाच्या गडबडीत राहू देऊ नये.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यावयास हवी. मेंदूज्वराचे प्रत्येक मूल डासाच्या विषाणूनेच आजारी असते असे नाही. गोरखपूरच्या परिसरात लसीकरणानंतरही मेंदूज्वराचे रुग्ण येत राहिले. तेव्हा अधिक तपासणी झाली आणि त्यांतील पुष्कळांच्या मुळाशी स्क्रब टायफस नावाचा, गवतझुडपांतील सूक्ष्म कीटकांच्या चाव्याने होणारा जंतुजन्य ताप आढळला. हा ताप साध्या व स्वस्त प्रतिजैविकाने बरा होतो, मात्र ते वेळीच द्यावे लागते. आपल्या नागपूरच्या चांदीपुरा भागात १९६५ साली तापकरी रुग्णांच्या रक्तात सापडलेला आणि त्याच नावाने जगभर ओळखला जाणारा विषाणूही मुलांच्या मेंदूला बाधतो. २००३ साली आंध्र प्रदेशात त्याने शेकडो मुलांना ग्रासले. त्याचा वाहक मुख्यतः वालुमाशी. ती डासापेक्षा लहान असते आणि भिंतींच्या भेगांत राहते. लक्षण एक, कारणे अनेक. म्हणून रक्ताची आणि पाठीतून काढलेल्या पाण्याची तपासणी डॉक्टरांनी सुचविली, तर घाबरून नकार देऊ नये. त्या चार थेंबांवर योग्य उपचार अवलंबून असू शकतात.

बाकी उपाय साधे आहेत. हे डास बहुधा दिवेलागणीच्या वेळी आणि रात्री, विशेषतः घराबाहेर चावतात. तेव्हा संध्याकाळी मुलांच्या अंगात हातपाय झाकणारे कपडे असावेत, आणि अंगणात निजणाऱ्यांनी मच्छरदाणी लावावी. डुकरांचे खुराडे राहत्या घरापासून आणि मुलांच्या निजण्याच्या जागेपासून दूर असावे. मात्र हे सांगताना डुकरे पाळणाऱ्या गरिबाला गुन्हेगार ठरविणे न्यायाचे होणार नाही. तो आपले पोट भरतो, आणि दूर जागा नेमून देणे हे साऱ्या गावाचे काम आहे. भाताच्या खाचरात सतत पाणी तुंबवून न ठेवता अधूनमधून ते सुकू दिले, तर डासांच्या अळ्या मरतात व पाण्याचीही बचत होते. जेथे कालव्याचे पाणी हुकमी मिळते, तेथे हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. जपानमध्ये एकेकाळी हजारोंनी रुग्ण होत. लसीकरण, शेतीतील बदल आणि वस्तीपासून दूर गेलेले वराहपालन या सर्वांच्या योगाने अलीकडच्या दशकांत तेथे हा रोग क्वचित दिसू लागला. विषाणू मात्र तेथून नाहीसा झालेला नाही. बगळे आहेत, डास आहेत, विषाणूही आहे. आजारी मुले तेवढी राहिली नाहीत.

श्रोतेहो, निसर्गाने मेंदूभोवती जी वेस उभारली आहे, ती २५० पैकी सुमारे २४९ वेळा आपली लाज राखते. उरलेल्या एका वेळेसाठी आपल्याला दुसरी वेस उभारावयाची आहे, आणि तिची जागा कवटीच्या कितीतरी बाहेर आहे. ती लसीच्या सुईत आहे, मच्छरदाणीच्या विणीत आहे, तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत जाणाऱ्या रस्त्यात आहे, आणि दुसऱ्या मात्रेची तारीख आठवणीत ठेवणाऱ्या आरोग्यसेविकेच्या वहीत आहे. पहिली वेस प्रत्येक मूल जन्मतः घेऊन येते. दुसरी त्याला आपण द्यावयाची असते. येत्या पावसाळ्यात खाचरे पुन्हा पाण्याने भरतील, बगळे उतरतील, डासांची गुणगुण सुरू होईल. तत्पूर्वी आपापल्या गावातील किती मुलांची दुसरी मात्रा राहिली आहे, एवढी एक चौकशी आपण केली, तरी या भाषणाचे सार्थक झाले असे मी समजेन.